घाटाच्या पाठीमागची वाई

वाईचा फोटो कुठून काढायचा हे जणू ठरूनच गेलं आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर उभं राहायचं. समोर ढोल्या गणपतीचं शिखर, शेजारी काशीविश्वेश्वर, खाली कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या आणि मागे डोंगर. पतसंस्थांच्या कॅलेंडरवर हाच फोटो, हॉटेलांच्या भिंतींवर हाच. हल्ली लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफर घेऊन येतात, तीही याच पायऱ्यांवर बसतात.

सिनेमावाल्यांनी तर वाईला उसनी नावं दिली. ‘स्वदेस’मधलं (२००४) चरणपूर म्हणजे वाईजवळची मेणवली. ‘गंगाजल’मध्ये (२००३) हा परिसर बिहारमधलं तेजपूर झाला, ‘दबंग’मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशातलं लालगंज. देशभरच्या प्रेक्षकांनी वाई डोळे भरून पाहिली, पण वाई म्हणून नव्हे. सिनेमाला जुनं दिसणारं गाव हवं असतं. त्यासाठी घाट आणि दोन-चार वाड्यांचे दर्शनी भाग पुरतात. आत कोण राहतं, छप्पर गळतं का, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

घाटाचं कौतुक खोटं नाही. काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ चं आणि ढोल्या गणपतीचं १७६२ चं, दोन्ही रास्ते सरदारांनी बांधलेली. गणपतीच्या देवळाची मागची भिंत मुद्दाम पाहावी. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. बांधणाऱ्याने नदीचा स्वभाव ओळखूनच बांधकाम केलं होतं. देवळाच्या पोटात पुराची अशी तजवीज आहे. घाटाला पाठ करून आळीत शिरलं की मात्र अशी तजवीज न झालेली वाई दिसू लागते.

शेजारचा वाडा पाडला की उरलेल्या वाड्याची सामाईक भिंत उघडी पडते. फोटोसाठी मला सर्वांत बोलकी वाटते ती हीच. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर भाजक्या विटा, वर पांढरीच्या मातीचं काम. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरत होती तिथे चौकोनी खोबणी राहिलेल्या असतात. तुळया नसतात, कारण वाडा उतरवताना जुनं सागवान सगळ्यात आधी विकलं जातं. एका कोनाड्याच्या माथ्यावर काजळीचा पट्टा असतो, तिथे चिमणी ठेवत असत. त्याच्या शेजारी विजेच्या तारेसाठी ठोकलेल्या लाकडी पट्टीची खूण. गिलाव्याचे पापुद्रे सुटलेले असतात, त्यांत आधी निळीचा चुना, मग पिस्ता डिस्टेंपर, मग गुलाबी ऑइलपेंट. काळवंडलेला भाग स्वयंपाकघराचा. वरच्या फटीत पिंपळाने मुळं रोवलेली. चार पिढ्यांचा संसार असा भर रस्त्यावर उघडा पडलेला असतो, आणि खालच्या दोन खोल्यांत अजून कुणीतरी राहत असतं.

ही पडझड पावसाने केली असं म्हणणं सोपं आहे. पण वाडा हे नुसतं घर नव्हतं. जमिनी आणि इनामं यांच्या उत्पन्नावर चालणारा तो कारभार होता. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, भिंती लिंपायच्या, तर हाताशी पैसा आणि माणसं लागत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत सातारा जिल्ह्यातली कित्येक ब्राह्मण कुटुंबं होरपळली आणि अनेकांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. खासगी इनामं १९५२ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक होऊ लागली.

घरं उरली आणि त्यांत भाडेकरू आले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. ज्या ज्या शहराला तो कायदा लागू झाला, तिथे एकच संवाद पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात कौलंसुद्धा येत नाहीत. भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही तर खर्च मी का करू? त्यात मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं वाढत जातात. एक भाऊ कोथरूडला, दुसरा ठाण्यात, पुतणी परदेशात. दुरुस्तीला सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत, आणि विकायच्या वेळीही एखादी सही अडतेच. वाडा असा कागदावर आधी पडतो, जमिनीवर नंतर.

म्हणून पडक्या वाड्याच्या फोटोपाशी हळहळताना जरा थांबावं. त्या कोरीव खांबांचा खर्च ज्यांच्या घामातून निघत होता, त्यांच्या लेखी १९५७ हे पडझडीचं वर्ष नाही. कॅमेऱ्याला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. ते फोटोखाली लिहावं लागतं.

पडत्या शहराचे फोटो काढणं छायाचित्रकलेइतकंच जुनं आहे, आणि ते कधीच निर्हेतुक नव्हतं. पॅरिसमध्ये चार्ल्स मारव्हिल यांनी १८६० च्या दशकात जुन्या गल्ल्या टिपल्या त्या नगर प्रशासनासाठी. त्या गल्ल्यांवरून नवे रुंद रस्ते जायचे होते. ग्लासगोच्या अंधाऱ्या बोळांचे फोटो थॉमस ॲनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात काढले. काम सोपवलं होतं ते बोळ पाडायला निघालेल्या शहर सुधारणा विश्वस्तांनी. आज ते फोटो करुण वाटतात. तेव्हा ते पाडकामाच्या फायलीत लागलेले कागद होते.

दुसरं टोक डेट्रॉइटचं. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात वस्ती असलेलं हे मोटारींचं शहर २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्या आत आलं. १९८८ मध्ये बंद पडलेल्या तिथल्या मिशिगन सेंट्रल स्टेशनचे इतके फोटो निघाले की जगाला डेट्रॉइट म्हणजे ते भकास स्टेशनच वाटू लागलं. त्या चौकटींत माणूस नसायचा, शहरात मात्र लाखो माणसं राहत होती. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये ती इमारत विकत घेतली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. भग्नावशेषाचा सुंदर फोटो हा घाटाच्या सुंदर फोटोचा सख्खा भाऊच म्हणायचा. दोघांनाही रहिवासी नको असतो.

रहिवाशाला हे बरोब्बर कळतं. आळीत कॅमेरा काढला की पहिला प्रश्न येतो, “नगरपालिकेतून आलात का?” दुसरा, “बिल्डरचे का?” नाही म्हटलं की सल्ला मिळतो, “मग पडक्या घराचा कशाला काढताय? घाटाचा काढा की!” यातली भीती पोकळ नाही. कललेल्या भिंतीचा फोटो मालकाच्या अर्जाला जोडला गेला तर धोकादायक इमारतीची नोटीस निघू शकते आणि भाडेकरूवर घर सोडायची पाळी येते. तोच फोटो भाडेकरूच्या हाती असला तर मालकाने वर्षानुवर्षं दुरुस्ती टाळल्याचा तो पुरावा होतो. भिंत एकच असते. फोटो कुणाच्या कपाटात जातो, त्यावर तो काय सांगणार हे ठरतं.

यातून वाट काढणारी एक पद्धत आहे. चिलीत जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे कॅमिलो होसे व्हेर्गारा १९७० च्या दशकापासून त्याच त्या जागी परत जाऊन फोटो काढत आले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला एकच दुकानगाळा त्यांनी १९७७ पासून टिपला. कधी तिथे नाइटक्लब होता, कधी तंबाखू-सिगारेटचं दुकान, कधी गाद्यांचं. एकेकटा फोटो साधाच आहे. ओळीने लावले की वस्तीचा इतिहास वाचता येतो. पडझडीइतकीच डागडुजीही त्यात येते, नवा भाडेकरू येतो, नवी पाटी येते.

वाईला अशा कामाचं वेळापत्रक बाहेरून आणावं लागणार नाही. कृष्णाबाईचा उत्सव दरवर्षी थंडीच्या अखेरीस एकेका घाटावर बसतो: भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी. परगावी गेलेले वारसही त्या दिवसांत येतात. ज्या आळीचा उत्सव, त्या आळीतल्या प्रत्येक घराचा रस्त्याच्या ठरावीक जागेवरून एक फोटो घ्यावा. खाली तारीख, सिटी सर्व्हे नंबर, किती खोल्यांत वस्ती आहे, वर्षभरात काय पडलं आणि काय दुरुस्त झालं, एवढंच लिहावं. घरच्यांना विचारून काढावा आणि एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. यात कला फारशी नाही, चिकाटी मात्र लागते. मग पुढे कधी नोटीस आली, तर भिंत कोणत्या वर्षी फुगली आणि कुणी तिकडे काणाडोळा केला, हे दाखवायला भाडेकरूकडेही कागद असेल, मालकाकडेही. आणि मालमत्ता पत्रकावरचे जे वारस उत्सवाला गावात येतात, त्यांना एका टेबलाशी बसून सह्या करायला तेच दिवस चांगले.