चार ट्रॅकची कॅसेट

चांगलं गाणं ध्वनिमुद्रित करायला महागडी सामग्री लागतेच, हा समज १९८२ साली खोटा ठरला. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, दोन माइक लावून आपली नवी गाणी गायली. पुढे स्टुडिओत साथीदारांसह ती पुन्हा करून पाहिली, पण त्यांतला एकटेपणा हरवला. अखेर मूळ कॅसेटच ‘नेब्रास्का’ नावाने प्रसिद्ध झाली.

तो आधीच नामवंत होता, हा आक्षेप रास्त आहे. पण स्टुडिओ हाताशी असूनही त्याने कॅसेट निवडली, हेच महत्त्वाचं. तुम्हालाही घरीच गाणं ध्वनिमुद्रित करायचं असेल, तर खोलीत आवाज घुमत असल्यास जाड गोधड्या टांगा, पंखा बंद करा, माइक वीतभर अंतरावर ठेवा. त्याआधी शब्द आणि चाल पक्की करा. कच्चं गाणं कुठलंही यंत्र तारून नेत नाही.