बुडणाऱ्या देवळांसाठी झटलेल्या बाई

उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि पाणी चढलं की पुन्हा बुडतं. धरण झालं की असं होणारच, असं आपण धरून चालतो. एका बाईंनी तसं धरलं नाही. आज त्यांच्याविषयी.

क्रिस्तियान देरोश-नोबलकूर. जन्म पॅरिसचा, १९१३चा. इजिप्तच्या पुरातत्त्वाचा अभ्यास केला. कैरोतल्या फ्रेंच संस्थेत पहिली स्त्री अभ्यासक म्हणून गेल्या, तर पुरुष सहकाऱ्यांनी त्यांच्यासोबत जेवायला आणि ग्रंथालयात बसायलाही हरकत घेतली. बाई टिकल्या. पुढे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अधिकारी झाल्या.

मग नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण ठरलं. न्युबिया भागातली हजारो वर्षांची देवळं पाण्याखाली जाणार होती. ती हलवावीत म्हणून बाईंनी इजिप्त सरकार आणि युनेस्को, दोघांमागे लकडा लावला. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली. तारीख पाहिलीत ना?

प्रश्न पैशाचा होता. गटात वीस जणींची बचत वेळेवर गोळा करताना काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे देशांकडून वर्गणी काढायची होती! अमादाच्या देवळाचा खर्च फ्रान्स करील, असं बाईंनी सरकारला न विचारताच सांगून टाकलं. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी बोलावून जाब विचारला. बाई स्वतः हा किस्सा सांगत. त्यांनी उलट विचारलं, १९४० साली लंडनहून रेडिओवर बोललात, तेव्हा तुम्ही सरकारची परवानगी घेतली होती का? फ्रान्सने खर्च दिला. अमादाचं देऊळ रुळांवरून अडीच किलोमीटर हलवलं.

अबू सिंबेलचं मोठं देऊळ तर डोंगरात कोरलेलं, आपल्या लेण्यांसारखं. करवतींनी कापून त्याचे शेकडो तुकडे केले. १९६४ ते १९६८ या काळात ते ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखी तिथेही वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात, सूर्यकिरणं गाभाऱ्यात पोचतात. आजही पोचतात.

सुमारे एक लाख न्युबियन माणसांनाही गाव सोडावं लागलं. त्यांची घरं मात्र कुणी तुकडे करून वर नेली नाहीत. धरणग्रस्त गावातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.


बाई २०११ साली, ९७व्या वर्षी गेल्या.