लावणीतली कंबर

रत्नागिरीकडे भातलावणीचा दिवस दाढेवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, सुरू होतो. उजाडताच बायका उकिडव्या बसून तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटतात, मुळांचा चिखल पाण्यात खळखळून धुतात आणि मुठी बांधतात. न्याहारी उरकली की गुठा फिरवून सपाट केलेल्या मळ्यात उतरायचं. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी तीन-चार काड्या चिखलात खुपसायच्या आणि मागे सरकायचं. लावणी मागे मागेच जाते, म्हणजे लावलेलं रोप पायाखाली येत नाही.

बांधावरून पाहिलं तर सगळ्या सारख्याच वाकलेल्या दिसतात. चिखलात शेजारी उभं राहिलं की फरक कळतो. मुरलेली बाई खुब्यातून वाकते. तिचे पाय फाकलेले, गुडघे सैल, पाठ बरीचशी सरळ आणि डावं कोपर मांडीवर टेकलेलं असतं. मुंबईहून आलेला पुतण्या मात्र गुडघे ताठ ठेवतो, पाठीची कमान करतो आणि दोन्ही हात अधांतरी सोडतो. मग काकी ओरडते, "अरे बाबा, कोपर मांडीवर टेक, नायतर संध्याकाळी उठवायला माणूस लागंल!"

काकीचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. वाकल्यावर डोकं, हात आणि धड यांचं वजन कमरेच्या बरंच पुढे जातं. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्यांच्या मध्यापासून जेमतेम 5-6 सेंटीमीटर मागे असतात. इतक्या आखूड तरफेवर त्यांना धडाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. कोपर मांडीवर टेकलं की धडाचा थोडा भार हातावाटे थेट पायात उतरतो आणि कंबर तेवढी सुटते.

पुतण्याला सुरुवातीला काहीच जाणवत नाही, यालाही कारण आहे. माणूस पाठ पूर्ण गोल करून वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी 1950च्या दशकात स्नायूंमधले विद्युत्‌संकेत मोजून हे दाखवलं. त्यानंतर भार पेलतात ते मणक्यांना बांधणारे अस्थिबंध. ते हळूहळू ताणले जातात आणि सरळ उभं राहिल्यावरही काही वेळ सैलच असतात. नेमक्या त्याच वेळी हाताशी मुठी संपतात आणि तो ताडकन उठून ओल्या तरव्याचा भारा उचलायला जातो. चमक भरते ती अशा वेळी.

सकाळचा तरवा उपटतानाही जपायला हवं. आडवं झोपल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवला होता. 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापात झोपेच्या काळात चकतीतला दाब दुपटीहून जास्त वाढलेला आढळला. म्हणून उठल्या उठल्या खोल वाकण्याऐवजी आधी थोडं हिंडणं बरं.

काकी ओळ संपली की उभी राहते, तळवे कमरेवर ठेवून मागे रेलते, पान जुळवते, कुणाची तरी थट्टा करते. हा वेळकाढूपणा नव्हे. प्रौढ माणसाच्या चकतीला रक्तवाहिन्यांचा थेट पुरवठा जवळपास नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून होतं, आणि एकाच बाकात राहिलेल्या कमरेला हालचालीचीच गरज असते. पण काम उक्तं दिलं की हे उभं राहणं पहिलं बंद पडतं. मळा लवकर उरकण्याच्या घाईत कुणी मान वर करत नाही. वाकण्याची पद्धत बाईची, पण किती वेळ वाकायचं हे मजुरीची रीत ठरवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2020मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. बहुतेकांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार सापडत नाही, आणि सर्वांना लागू पडेल अशी एकच 'योग्य' बैठकही नाही. अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला डॉक्टर आता देत नाहीत. झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा, असंच सांगतात. मात्र पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर लावणी सोडून ताबडतोब इस्पितळ गाठावं.

वाकणं कमी करण्याचे मार्गही आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. टोकणीलाही वाकावं लागतंच, पण तरवा उपटणं, वाहणं आणि चिखलातली लावणी वाचते. ज्यांना हे जमणार नाही, त्या शेतमालकांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. मुठी मळ्यात जागोजागी आधीच टाकाव्यात, भारे वाहायला वेगळा गडी ठेवावा, आणि ओळ संपल्यावर उभ्या राहिलेल्या बाईला "चला, आटपा" म्हणू नये.