पाठीवरचं विष उतरवताना

2017 च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात दाखल होऊ लागली. कुणाला दिसेना, कुणाच्या उलट्या थांबेनात, कुणाची शुद्धच हरपलेली. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना विषबाधा झाली. जी कारणं पुढे आली, ती सगळी रोजच्या वहिवाटीतली होती. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या उंचीला गेली होती. फवारा वर धरून मारावा लागे आणि तो तोंडावर उतरे. कीड आवरेना म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. इंजिनावरचे नि बॅटरीवरचे पंप हातपंपापेक्षा बारीक तुषार उडवत होते. आणि उकाड्यात संरक्षण काय, तर अंगात सदरा नि तोंडाला रुमाल.

शेतीतल्या ड्रोनची गोष्ट इथून सांगायला हवी. जाहिराती वेग सांगतात, सात-दहा मिनिटांत एकर. वेग महत्त्वाचा आहेच. पाऊस उघडलेला असतो त्या दोन दिवसांत फवारणी उरकली नाही तर पीक हातचं जातं. पण पाठीवर पंप घेतलेला माणूस 15-16 लिटर विष वाहतो आणि समोर नळी धरून स्वतःच उडवलेल्या तुषारांत चालत जातो. ड्रोन चालवणारा बांधावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा असतो. माझ्या लेखी या यंत्राचं सगळं मोल या अंतरात आहे.

ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये शेतकरी म्हातारे होत चालले आणि भातखाचरात उतरायला तरुण हात मिळेनात, तेव्हा 1980 च्या दशकातच यामाहा कंपनीने फवारणीसाठी माणूसविरहित छोटं हेलिकॉप्टर बनवलं. आपल्याकडे रस्ता मोकळा झाला तो 2021 च्या ड्रोन नियमांमुळे. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्राने ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला मंजुरी मिळाली. महिला बचत गटांना ड्रोनसाठी किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान, आणि गटातल्या एका बाईला वैमानिकाचं प्रशिक्षण. महाराष्ट्रातल्या ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांनाही त्यामुळे हे दार उघडलं.

यंत्र दिसतं तसं गुंतागुंतीचं नाही. साधारण 10 लिटरची टाकी, चार किंवा सहा पाती, खाली नोझल. शेताची हद्द आखून दिली की उपग्रहाच्या मदतीने ते सरळ पट्ट्यांत फिरतं, पिकापासूनची उंची राखतं, टाकी संपली की माघारी येतं आणि जिथे काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू करतं. पात्यांचा खाली येणारा वारा पानं हलवतो आणि थेंब आत ढकलतो. भरलेल्या टाकीनिशी एक बॅटरी दहा मिनिटांच्या आसपास पुरते. म्हणून बॅटऱ्यांचे चार-पाच जोड, चार्जिंगची सोय आणि हे सगळं वाहून न्यायला गाडी लागते. शेतीच्या विजेचं वेळापत्रक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको.

खरी मेख पाण्यात आहे. वाढलेल्या कपाशीला पाठीवरच्या पंपाने एकरी 150 ते 200 लिटर पाणी लागतं. ड्रोनला 8-10 लिटर. पाणी वाचतं हे खरंच. पण औषधाची एकरी मात्रा मात्र तीच राहते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण कितीतरी पट तीव्र असतं आणि थेंब बारीक. वारा असेल तर हे तीव्र तुषार बांध ओलांडून जातात. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर, तीही बहुतेकदा तुकड्यांत. एकाची कपाशी, शेजारच्याचा भाजीपाला, पलीकडे कुणाची तुती. कीटकनाशकाचा अंश तुतीच्या पानावर पडला तर रेशीमकिड्यांची अख्खी बॅच मरते. मधमाश्यांचंही तेच. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारणी करणं आणि शेजाऱ्यांना आधी कळवणं हे म्हणूनच सोडून देण्यासारखे नियम नाहीत.

प्रत्येक पिकाला ड्रोन सारखाच मानवतो असंही नाही. सहा महिन्यांच्या उसात माणूस शिरूच शकत नाही. पानं अंग कापतात, आत काय बसलंय ते दिसत नाही. तिथे ड्रोनला तोड नाही. सोयाबीन, हरभरा, तूर यांचंही काम चांगलं होतं. उलट दाटलेल्या कपाशीत तुषार वरच्याच पानांवर जास्त बसतात, आणि पांढरी माशी असते पानांखाली. मांडवावरच्या द्राक्षांना तर ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा.

आता फवारणीच्या रोजावर जगणाऱ्याचं काय? हे काम सुटलं याचं मला दुःख नाही. कुणाच्याही मुलाने पोटासाठी विष हुंगावं असं ते काम नव्हतंच. पण त्या घरातला रोज बुडतो, हे नाकारून चालणार नाही. ड्रोनवरही दोन माणसं लागतात, एक चालवणारा आणि एक मदतनीस. दीदी योजनेत मदतनीस म्हणून बचत गटातलीच दुसरी बाई किंवा गटातल्या बाईच्या घरातला माणूस शिकवायचा आहे. माझं म्हणणं असं की गावात ज्यांनी वर्षानुवर्षं पाठीवर पंप वाहिला, त्यांना खासगी ड्रोनसेवेत तरी पहिली संधी मिळावी. कीड कुठे बसते, कोणत्या ओळीतून सुरू होते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

आणि सर्वांत काळजीची जागा अजून तशीच आहे. विष हवेतून उडवायला यंत्र आलं, पण बाटलीचं झाकण उघडून औषध मापणारा, कालवणारा आणि टाकी भरणारा हात माणसाचाच आहे. न मिसळलेल्या औषधाशी थेट संपर्क येतो तो याच वेळी. लाखो रुपयांचा ड्रोन आणि मदतनीस मात्र उघड्या हातांनी, हे चित्र मला अजिबात सहन होत नाही. अनुदानाच्या यादीत बॅटऱ्या आहेत, चार्जर आहे. त्याच ओळीत हातमोजे, चष्मा, एप्रन आणि श्वासाचा मास्क हवेत, आणि ते फाटले की बदलूनही मिळायला हवेत.

तुमच्या वावरात ड्रोन बोलावणार असाल तर चालवणाऱ्याकडे वैमानिकाचं प्रमाणपत्र मागा. डब्यावर लिहिलेली एकरी मात्रा स्वतः वाचा आणि चार औषधं एकत्र करा असा आग्रह धरू नका. बांधाशेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. आणि टाकी भरणाऱ्याच्या हातात मोजे नसतील, तर ते येईपर्यंत फवारणी थांबवा.