वूफर घेण्याआधी हॉल मोजा

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत होम थिएटर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, किती वॅटचं आहे? दुकानदार आकडा सांगतो, एखादं दणदणीत गाणं लावतो, छातीत धडधडतं आणि सौदा होतो. तेच खोकं घरी लावलं की नुसतं घुमतं. खर्ज एकाच सुरावर अडकतो, सिनेमातलं बोलणं कळत नाही आणि आतून कुणीतरी ओरडतं, आवाज कमी करा. खोकं बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते ज्या हॉलमध्ये वाजणार आहे, त्याचा विचार झालेला नसतो.

आपल्याकडची घरं एका पिढीत बदलली. माळवदाच्या घरात जाड भिंती, लाकडी तुळया, ओबडधोबड पृष्ठभाग आणि कोनाडे असत. आवाज त्यात विखुरला जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची ती जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर लोकांनी सिमेंट आणि स्लॅबची वाट धरली आणि ते योग्यच झालं. पण सपाट गिलावा, स्लॅब आणि चकचकीत फरशी आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या खर्जाबरोबर थोड्या हलतात आणि त्यातला काही भाग गिळतात. आपली विटांची भिंत तसं करत नाही. म्हणून तिकडच्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून दिलेला सल्ला आपल्या हॉलला लागू पडेलच असं नाही.

हिशेब सोपा आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागलं, की ती खोली कोणता खर्ज फुगवते ते कळतं. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, उत्तर साधारण ३७ हर्ट्झ. १२ फुटांच्या रुंदीचं ४७ आणि १० फूट उंचीच्या स्लॅबचं ५६. खर्ज वाजवणाऱ्या सबवूफरचं सगळं काम याच पट्ट्यात चालतं. हॉल १२ बाय १२ असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही ४७ वरच येऊन बसतात आणि घुमणं आणखी वाढतं. दोन खोल्यांमधून निवड करायची सोय असेल, तर चौरस खोली सोडावी.

१२ बाय १५ च्या बंद हॉलसाठी मी बंद पेटीचा दहा इंची सबवूफर निवडेन. भोक असलेली पेटी तेवढ्याच ताकदीत जास्त दणका देते, पण ठरावीक सुराखाली तिचा आवाज झपकन पडतो. बंद पेटीचा आवाज हळूहळू उतरतो आणि लहान बंद खोली नेमका तोच खालचा भाग उचलून धरते. हॉल मोठा असेल, स्वयंपाकघराकडे आणि जिन्याकडे उघडा असेल, तर मात्र भोकाची बारा इंची पेटी घ्यावी. आठ इंची पेटीवर ‘२० हर्ट्झ’ लिहिलेलं दिसलं, तर तिथं आवाज किती डेसिबलनं पडलेला असतो ते विचारा. ४० हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच २० हर्ट्झला हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. छोट्या पडद्याला ते झेपत नाही.

जागा ठरवायची एक जुनी युक्ती अजूनही सगळ्यांत खात्रीची आहे. सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, संथ खर्जाचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं वाकून ऐकत फिरा. जिथं प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या जोराचा ऐकू येतो, तिथं सबवूफर न्या. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, म्हणून लोक तिथंच ठेवतात; पण घुमणंही तिथंच सर्वांत जास्त असतं. हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ साली दाखवून दिलं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर बसायच्या वेगवेगळ्या जागांवरचा खर्ज बराच एकसारखा होतो. पैसे असतील तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत.

आता खरा जिव्हाळ्याचा मुद्दा, बोलणं ऐकू येण्याचा. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा आपल्याकडे कूलर घरघरत असतो आणि संवाद त्याच्याखाली दबतात. म्हणून बजेट तोकडं असेल तर मागचे स्पीकर पुढच्या दिवाळीला घ्या. समोरचे तीन मात्र एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले आणि चांगले घ्या. सेंटर शोकेसच्या खणात आत ढकलला तर खण स्वतःच घुमतो. तो कडेला ओढून कानाच्या दिशेनं थोडा कलता ठेवावा. कित्येक घरांत सिनेमा सतरंजीवर, लोडाला टेकून बघतात. तेव्हा कान जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात आणि स्पीकर टीव्हीच्या बरोबरीनं भिंतीवर टांगलेले. वरच्या पट्टीचा आवाज असा डोक्यावरून जातो आणि शब्दांची धार बोथट होते. सोफा असेल तर तो मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. बाजूच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली किंवा पुढ्यात सतरंजी अंथरली, तर शब्द मोकळे होतात. खर्जाला मात्र गोधडीनं काही फरक पडत नाही.

वॅटच्या मागे फार लागू नये. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला ८५ वाल्याच्या निम्मेच वॅट पुरतात. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा, आकडा बघूच नका; आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. रिसीव्हरमध्ये सबवूफरची हद्द ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे सगळं टीव्हीच्या पडद्यावरूनच आल्यासारखं वाटतं.

दुकानात ऐकताना ओळखीचं वाद्य लावा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या अंगाची धूम आपण कीर्तनात समोर बसून ऐकलेली असते. ती उमटून लगेच थांबली पाहिजे, रेंगाळता कामा नये. मग ‘सैराट’ सिनेमातली गाणी. संगीतकार अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला होता. त्यातली व्हायोलिनं मोकळी आणि पसरलेली ऐकू आली, तर समोरचे स्पीकर घेण्यासारखे आहेत.

राहिली वीज. गाणं बंद असतानाही सबवूफर हुंकारत असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. तो सूर बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू व्हायच्या आधीच पिना काढून ठेवा आणि डिशची केबलही सोडवा, कारण वीज तिच्या वाटेनंही घरात शिरते.