बिल निघालं, पण पोचलं का?

बेल्जियममधल्या एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला ई-मेलने पीडीएफ बिल धाडलं, तर १ जानेवारी २०२६ पासून बहुतेक व्यवहारांत कायद्याच्या लेखी ते पुरेसं नाही. कागद सोडून पीडीएफवर आलो म्हणजे आपण आधुनिक झालो, असं मानणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण संगणकाच्या दृष्टीने पीडीएफ म्हणजे बिलाचं चित्र. त्यातला कोणता आकडा कराचा आणि कोणता द्यायच्या रकमेचा, हे त्याला खात्रीने कळत नाही. म्हणून विक्रेत्याच्या संगणकात तयार झालेलं बिल खरेदीदाराच्या ऑफिसात कोणीतरी डोळ्यांनी वाचतं आणि टॅलीत पुन्हा एंट्री मारतं. वाटेत एखादं शून्य गळतं आणि पेमेंट महिनाभर अडकतं.

हा त्रास जुना आहे. १९४८ साली सोव्हिएत नाकेबंदीमुळे पश्चिम बर्लिनला विमानांनी धान्य-कोळसा पोचवावा लागला, तेव्हा मालाच्या याद्या तऱ्हेतऱ्हेच्या नमुन्यांत येत. अमेरिकी लष्करातल्या एडवर्ड गिल्बर्ट यांनी एकच ठरावीक नमुना बसवला. तारायंत्राने किंवा फोनवरून सांगितला तरी तो सारखाच राही. पुढे हीच कल्पना संगणकांत आली, आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘एडिफॅक्ट’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. मोटार कंपन्यांना आणि मोठ्या दुकानसाखळ्यांना ते परवडलं. छोट्यांना नाही, कारण बहुधा प्रत्येक गिऱ्हाइकाशी वेगळी जोडणी करावी लागे. हजार कंपन्यांना एकमेकींशी थेट जोडायचं म्हटलं, तर ४,९९,५०० जोडण्या होतात!

या कोड्यावरचं उत्तर म्हणजे ‘पेपॉल’. सरकारी खरेदी सोपी व्हावी म्हणून युरोपात २००८ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प. २०१२ पासून तो एका ना-नफा संस्थेकडे आहे. त्याच्या रचनेला चार कोपरे आहेत : विक्रेता, विक्रेत्याचा सेवादार, खरेदीदाराचा सेवादार आणि खरेदीदार. आपला मोबाइल एका कंपनीचा आणि समोरच्याचा दुसरीचा असला तरी फोन लागतो, तसंच इथे. प्रत्येकाने एकाच सेवादाराशी करार करायचा. पलीकडे कोण आहे, याची फिकीर नाही.

मग पत्ता कसा सापडतो? यातली युक्ती मला फार आवडते. पेपॉलने त्यासाठी नवी यंत्रणा उभारलीच नाही. आपण वेबसाइटचं नाव टाइप केल्यावर तिचा सर्व्हर शोधून देणारी इंटरनेटची नामसूची, म्हणजे डीएनएस, त्याने वापरली. खरेदीदाराच्या नोंदणी क्रमांकावर गणिती प्रक्रिया करून एक नाव तयार होतं. ते नामसूचीत शोधलं, की खरेदीदाराची माहिती कोणत्या सर्व्हरवर आहे ते समजतं. तो सर्व्हर सांगतो, की हा गृहस्थ अमुक सेवादाराकडे आहे आणि अमुक प्रकारची कागदपत्रं स्वीकारतो. त्यानंतर बिल कुलूपबंद आणि डिजिटल सहीनिशी रवाना होतं, आणि पलीकडच्या सेवादाराकडून पोच परत येते.

बिलाची भाषाही ठरलेली आहे. २०१७ च्या युरोपीय मानकात प्रत्येक रकान्याला क्रमांक आहे : बीटी-१ म्हणजे बिलाचा नंबर, बीटी-११५ म्हणजे द्यायची रक्कम. बिल जर्मन असो की पोर्तुगीज, क्रमांक तोच. ओळींची बेरीज चुकली, तर बिल तपासणीतच नापास होतं. २०१९ मध्ये सिंगापूरने हेच जाळं देशभर सुरू केलं, आणि बेल्जियमचा नवा नियमही याच जाळ्यावर चालतो.

भारताने वेगळी वाट धरली. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं; ही मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. इथे बिल आधी सरकारमान्य पोर्टलवर जातं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांतून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, तयार होतो, त्यामुळे एकच नंबर दोनदा नोंदवता येत नाही. गंमत अशी, की या आयआरएनमध्ये रकमेचा मागमूसही नसतो. रक्कम असते सोबतच्या क्यूआर कोडमध्ये, आणि पोर्टलची डिजिटल सही तिची राखण करते. छापील बिलावर कोणी आकडा बदलला, तर तपासणी ॲपने कोड स्कॅन करताच खरी रक्कम दिसते.

बोगस बिलांना आळा घालायला ही रचना चांगली आहे. पण पोर्टल बिल नोंदवतं, खरेदीदाराच्या हिशेबात नेऊन टाकत नाही. त्याला ते जीएसटी पोर्टलवरून उतरवून घेता येतं; तेवढी तसदी न घेणारे पीडीएफची वाट पाहतात. म्हणून भोसरीच्या वर्कशॉपचं बिल सरकारला आधी कळतं आणि ज्याने पैसे द्यायचे त्याच्या ऑफिसात ते पुन्हा टाइप होण्याची शक्यता उरते. बेल्जियममध्ये सरकारने आधी पोचवण्याची सोय धरली, आपण आधी कर धरला. करवसुलीच्या अंगाने आपला निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, पण छोट्या पुरवठादाराचा खरा प्रश्न पैसे वेळेवर मिळण्याचा असतो, आणि तो या रचनेने सुटलेला नाही. प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आहे, बिलाचा एकच नमुना आहे, सहीची व्यवस्थाही आहे. एवढी तयारी झाल्यावर बिल थेट खरेदीदारापर्यंत नेण्याचं काम जीएसटी परिषदेने आता हाती घ्यावं.