शेकाची झळ आतड्याला

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन किरणोपचार, म्हणजे बोलीतला ‘शेक’, घेणाऱ्या बाईला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरेचदा जुलाब लागतात. घरच्यांना जेवण बाधले असे वाटते; मूळ असते आतड्याच्या अस्तरात.

हे अस्तर दर 3 ते 5 दिवसांनी नवे होते. त्यातल्या सूक्ष्म खळग्यांत नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकतात, जशी धानाच्या पऱ्ह्यांवर बांधी भरते. किरण झपाट्याने वाढणाऱ्या पेशींनाच जास्त मारतात. पऱ्हेच करपले की रोवणी कशाची? अस्तर विरळ होते, पाणी नीट शोषले जात नाही.

शेक संपल्यावर काही आठवड्यांत अस्तर बहुधा भरून येते. तोवर ओआरएस, मऊ भात, कमी तेल, डॉक्टरांनी दिलेले लोपरामाइड. दूध बाधत असल्यास बंद.

उशिराची इजा चिवट. काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, बारीक रक्तवाहिन्या बुजतात, आतडे कडक, अरुंद होते, शौचातून रक्त पडते. ते मूळव्याध समजून अंगावर काढणे धोक्याचे. त्यावर सुक्राल्फेटचा एनिमा, दुर्बिणीतून आर्गॉन वायूने रक्तस्राव थांबवणे, क्वचित दाबाखालचा प्राणवायू असे उपाय आहेत.

शेकाआधी लघवी रोखून धरायला सांगतात तेही आतड्यासाठीच: भरलेले मूत्राशय लहान आतड्याला किरणांच्या वाटेतून वर ढकलते.